कुलसूम आपा आणि दीड महिन्याचे गोऱ्हे

कुलसूम आपा नव्या माणसाला भेटल्या की गाव, आडनाव सगळं नंतर. आधी विचारायच्या, "इकडे आलास तेव्हा केवढा होतास?"

मी म्हणालो, "तेवीस-चोवीस."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "सोळा-सतराव्या वर्षी आलेली पोरं बघितलीस का कधी? अंगाने भरतात, पण पहिल्या वर्षी जी दबतात, ती दबलेलीच राहतात." स्वतः त्या आल्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर. "माझं सगळं वाढून झालेलं होतं. मला काय होणार?"

खरंच त्यांना काही झालं नाही. जे झालं ते आमच्या कंपनीचं झालं, आणि शारजाहून दैदला जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या फार्मवरच्या गोऱ्ह्यांचं.

मी तेव्हा एका मांसविक्रीच्या कंपनीत परचेसला होतो. ऑफिस शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला टायरचं गोदाम. कंपनीचा फार्म तिथून तासाभरावर, वाळूत. तिकडे डेअऱ्यांमधली नर वासरं, म्हणजे गोऱ्हे, विकत आणून वाढवायचे आणि सातआठ महिन्यांनी त्यांचं कोवळं मांस विकायचं, असा धंदा. डेअरीला पुढे दूध देणारी कालवड हवी असते, गोऱ्ह्याचं काय करायचं ते तिला कळत नाही. जन्मला की कधी एकदा जातोय असं तिला होतं. त्यामुळे आम्हाला मिळायचे ते अगदी लहान आणि स्वस्त. आमचे जनरल मॅनेजर जोसेफसाहेब याला मोठी सोय समजत. सगळेच समजत होते.

आपांचं पूर्ण नाव डॉक्टर कुलसूम होडेकर. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीचं. रायगड जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांची अर्धी हयात गेली. त्यांचे यजमान हनीफभाई अबुधाबीत एका बँकेत होते, लग्नानंतर लगेच आलेले. वर्षातून एक महिना संसार. मुलीचं लग्न झाल्यावर आपांनी नोकरी सोडली आणि त्या नवऱ्याजवळ आल्या. हनीफभाई नंतर मला हसत सांगायचे, "मला वाटलं, आता घरी गरम भाकरी मिळेल. हिने तीन महिन्यांत इकडची परीक्षा दिली, डॉक्टरकीचं लायसन्स काढलं आणि मला म्हणाली, भात कुकरला लावायला शिका."

इंटरव्ह्यूला मी हजर होतो, कारण फायली आणून देणं माझ्याकडे होतं. जोसेफसाहेब सभ्य माणूस, केरळचे. आपांचा डोक्यावरून घेतलेला पदर आणि पिकलेले केस बघून ते अवघडले. म्हणाले, "मॅडम, फार्म पे गर्मी बहुत है."

आपा म्हणाल्या, "बछड़ों को कम लगती है क्या?"

नोकरी तिथेच पक्की झाली. आपा फार्मवरच राहायच्या, सुट्टीला अबुधाबीला जायच्या.

फार्मवर आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर काहीच नाही. एक रिकामी बादली उपडी घातली आणि शेडच्या कडेला तिच्यावर बसून राहिल्या. तिथला मुकादम गजानन, जालन्याकडचा, बायको-मुलं गावी सोडून आलेला, लगबगीने थर्मामीटर, इंजेक्शनचा डबा घेऊन आला. त्यांनी हाताने थांबवलं. "फॅन बंद कर जरा. मला ऐकू दे."

पंखे बंद झाले. सगळे घाम पुसत उभे. थोड्या वेळाने त्यांनी बोट केलं. "तो कोपऱ्यातला. आणि पाण्याजवळचे दोघे. खोकला कोरडा आहे." गजाननने त्या तिघांचा ताप घेतला. तिघेही तापलेले होते.

ही त्यांची सवय शेवटपर्यंत होती. कुठल्याही जनावराला हात लावण्याआधी त्या बसायच्या. घाईत आलेल्या माणसालाही म्हणायच्या, "आधी बस. मग बोल." मी औषधांच्या किमतींवर भांडायला गेलो की मलाही बादली मिळायची. बसल्यावर भांडण अर्धं होतं, हे मी तिथे शिकलो.

दुसरी सवय, त्या वासरांशी मराठीत बोलायच्या. आम्ही माणसं एकमेकांशी हिंदी, थोडं इंग्रजी आणि अरबीतलं यल्ला-खलास अशी खिचडी बोलायचो, पण गोऱ्ह्यांना शुद्ध कोकणी वळणाची मराठी ऐकायला मिळायची. "काय रे, दूध का नाय प्यायलास? रुसलास?" अशी चौकशी चाले.

आपा आल्यानंतरची पहिली खेप आली ती सकाळी. ट्रकचा मागचा दरवाजा उघडला आणि माणसांनी एकेक गोऱ्हा कडेवर घेऊन उतरवायला सुरुवात केली. डेअरीचा कागद म्हणत होता, वय तीन आठवडे. आपांनी एकाला आडवा केला, पोटाखाली बघितलं आणि मला हाक मारली.

"सतीश, इकडे ये. बघ ही नाळ. वाळून गळायला हवी होती. अजून ओली आहे." मग त्यांनी त्याचा खूर माझ्या हातात दिला. खालून मऊ, रबरासारखा. "हा जमिनीवर धड चाललेलासुद्धा नाही. आठवड्याचं लेकरू आहे हे."

"फरक काय पडतो?" मी विचारलं. खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी मला बादलीवर बसवलं. म्हणाल्या, "जन्मल्यावर आईच्या चिकातून ह्याला रोगांशी लढायची ताकद मिळते. ती उधारीची ताकद. दोनतीन आठवड्यांत ती उतरायला लागते. ह्याची स्वतःची ताकद तयार व्हायला आणखी वेळ लागतो. मध्ये एक खड्डा असतो. आपण नेमकं त्या खड्ड्यात ह्याला ट्रकमध्ये घालतो, दहा गोठ्यांतली वासरं एकत्र करतो, दूध बदलतो, वर हे ऊन. मग म्हणतो, मरतात कशी?"

मरत होतीच. प्रत्येक खेपेत काही हगवणीने जायची, काही न्यूमोनियाने. जी राहायची त्यांना मी महिन्याला किती औषध मागवत होतो ते मलाच माहीत. आणि तेवढ्यात ऑफिसमध्ये कुजबुज सुरू झाली, की मालक हा वासरांचा विभागच बंद करणार. जागा गोदामासाठी भाड्याने देणार. फार्मवरची सगळी माणसं घरी. गजाननच्या मुलीची बारावी त्याच वर्षी होती. 

आपा बसने शारजाला आल्या आणि जोसेफसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. म्हणणं साधं होतं. गोऱ्हे दीड महिन्याचे झाल्यावरच घ्यायचे.

जोसेफसाहेब म्हणाले, डेअरी इतके दिवस ठेवणार नाही. ठेवले तर महाग देईल. आणि मोठं वासरू जास्त चांगलं वाढतं याला पुरावा काय? लहान आलं तर आपल्या हाताखाली जास्त दिवस राहतं, उलट चांगलंच.

"मग बघू या," आपा म्हणाल्या. "एकाच आठवड्यात जन्मलेले गोऱ्हे घ्या. अर्धे लगेच आणा, नेहमीसारखे. अर्धे दीड महिन्याचे होईपर्यंत डेअरीतच राहू द्या, मग आणा. खाणं एक, शेड एकसारखी, माणसं तीच. रमजानच्या आधी बघा कोण कुठे आहे."

"और डेअरी को कौन मनाएगा?"

"मैं जाऊंगी."

डेअरीचा मॅनेजर दक्षिण आफ्रिकेतून आलेला, उंच आणि कमी बोलणारा माणूस. आपांबरोबर मी गेलो होतो. आपांनी त्याच्याशी वयाबद्दल शब्द काढला नाही. आधी वासरांचा गोठा फिरून बघितला. कालवडींना जन्मल्या जन्मल्या बाटलीने चीक पाजत होते. गोऱ्ह्यांच्या बाजूला कुणी फिरकत नव्हतं. मिळाला तर मिळाला.

गाडीकडे चालताना त्या मला म्हणाल्या, "मुलग्यांना उपाशी ठेवून मुलींना पाजणारी ही पहिली जागा बघितली मी." आणि मोठ्याने हसल्या. मग परत फिरल्या आणि मॅनेजरला म्हणाल्या, तुमच्या कालवडींनाही हगवण आहे, मी दर आठवड्याला येऊन ती बघेन, तुमच्या माणसांना शिकवेन. बदल्यात प्रत्येक गोऱ्ह्याला पोटभर चीक आणि माझे गोऱ्हे दीड महिन्याचे होईपर्यंत इथे. त्याने कालवडींकडे बघितलं, आपांकडे बघितलं आणि हात पुढे केला.

जुलैत पहिली तुकडी आली. ऑगस्टमध्ये दुसरी. गजाननने शेडना नावं दिली, लहान आलेल्यांचं धाकटं आणि मोठे होऊन आलेल्यांचं थोरलं. दोन्हीकडचे गोऱ्हे जन्माने बरोबरीचे, पण तो म्हणायचा, "थोरल्यातले शहाणे होऊन आले बघा." ते ट्रकमधून स्वतःच्या पायांनी उतरले, थेट पाण्याकडे गेले आणि दुसऱ्या दिवसापासून गव्हाणीत तोंड घालायला लागले.

धाकट्या शेडमध्ये मात्र ऑगस्टच्या दमट हवेत खोकला घुसला. एका दुपारी मी औषधं घेऊन गेलो तर निम्मी वासरं माना टाकून पडलेली. आपांचा पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. जोसेफसाहेबांचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर ठेवला, कारण हात मोकळे नव्हते.

"मॅडम, इतनी मेहनत क्यों?" ते म्हणाले. वाईट हेतूने नाही, थकून म्हणाले. "ये तो आपकी ही बात है ना? कुछ मर गए तो प्रूव्ह हो जाएगा."

आपांनी आधी हातातली नळी नीट गोऱ्ह्याच्या घशात उतरवली. मग म्हणाल्या, "जोसेफसाब, बहस जीतने के लिए मैं जानवर नहीं मारती." आणि गजाननला खुणेने फोन बंद करायला सांगितला.

पुढचे काही दिवस मी ते शेड बघितलं आहे. आजारी वेगळे काढले. शेडच्या एका बाजूचे पत्रे उतरवून वारा खेळता केला. दूध थोडं थोडं, जास्त वेळा. मधे मीठ-साखरेचं पाणी. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांना गवताच्या गासड्यांच्या आधाराने छातीवर बसवलं, म्हणजे श्वास घेता येईल. आपा सुट्टीला अबुधाबीला गेल्याच नाहीत. मग हनीफभाईच आले, बस बदलत, मांडीवर डबा घेऊन. डब्यात त्यांनी स्वतः केलेलं सुरमईचं कालवण होतं. मीठ जास्त पडलं होतं. आपांनी बोटं चाटून खाल्लं.

जेवणानंतर कुणी न सांगता हनीफभाई पँट दुमडून एका गोऱ्ह्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाले, "तीस वर्षं बँकेत काढली. एवढा मान कधी मिळाला नव्हता." गोऱ्ह्याने त्यांची पँट भिजवली होती. आम्ही सगळे हसलो, आपाही. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसणं.

तीन गोऱ्हे गेले. बाकी सगळे उभे राहिले. तिसरा गेला तेव्हा आपा नळाखाली बराच वेळ हात धूत उभ्या होत्या. मी जवळ गेलो नाही.

सप्टेंबर संपता संपता जोसेफसाहेब फार्मवर आले. दोन्ही शेडमधली वासरं उभी, खाताहेत. ते म्हणाले, "देखा मॅडम? छोटे भी बच गए." म्हणजे आपांनी जीव तोडून वाचवलेले गोऱ्हेच आता त्यांच्या विरुद्ध साक्षीला उभे होते. निघताना मी आपांना तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "आपा, तुम्ही तुमचाच मुद्दा घालवलात."

त्या म्हणाल्या, "जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. थांब थोडा."

हिवाळा आला. मालक अबू सालेम रमजानच्या आधी येणार आणि त्याच दिवशी फार्मचं काय ते ठरवणार, असा निरोप आला. अबू सालेम म्हातारे होते. त्यांचं लहानपण उंटांमागे वाळूत गेलेलं. ऑफिसात ते क्वचित येत, आकड्यांना कंटाळत.

ते आले त्या सकाळी दैदला दाट धुकं होतं. जोसेफसाहेबांनी लॅपटॉप उघडला तर त्यांनी हातानेच बाजूला सारला. "पहले जानवर," म्हणाले. ते काठी टेकत धाकट्या शेडमध्ये शिरले. आम्ही मागे. गोऱ्हे एका रांगेत, पण एकसारखे नव्हते. एक बरा भरलेला, शेजारचा लहान, तिसऱ्याचे केस खरबरीत, बरगड्या हाताला लागणाऱ्या. माणूस जवळ गेला की ते मागे सरकायचे. अबू सालेमनी दोघांतिघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर आले.

थोरल्या शेडमध्ये ते दोनच पावलं आत गेले असतील. एक काळापांढरा गोऱ्हा उड्या मारत आला आणि त्याने त्यांच्या पोटात डोकं खुपसलं. म्हातारा मागे कोलमडला, गजाननने धरलं म्हणून बरं. आम्ही सगळे गार. अबू सालेमनी गोऱ्ह्याचा कान धरला, त्याच्या कमरेवर, मांडीवर थापटलं. घट्ट, भरलेली मांडी. रांगेतल्या प्रत्येकाची पाठ तशीच रुंद, अंगावर तकाकी. त्यांनी आपांकडे वळून विचारलं, "दुक्तूरा, ये उनका बड़ा भाई है?"

"नहीं, अबू सालेम. बराबर के हैं. एक ही हफ्ते में पैदा हुए."

"खाना?"

"एक ही. लोग भी एक ही."

"तो ये फरक कैसे?"

आपा म्हणाल्या, "वो बहुत छोटे आए थे. उनकी सारी ताकत जिंदा रहने में गई. ये तैयार होकर आए. इनकी ताकत बढ़ने में गई. उनके लिए मैंने सब कुछ किया. इनके लिए मुझे कुछ करना ही नहीं पड़ा."

अबू सालेम काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग अरबीत स्वतःशीच काही बोलले. पुढचं वाक्य हिंदीत होतं, सगळ्यांना कळावं म्हणून. त्यांच्या वडिलांनी उंटाचं पिल्लू दूध पितं असताना कधी आईपासून लांब नेलं नव्हतं. "वो पढ़े-लिखे नहीं थे, लेकिन जल्दी भी नहीं करते थे." मग जोसेफसाहेबांकडे वळून म्हणाले, "खलास. छोटा नहीं आएगा. फार्म चालू."

जोसेफसाहेबांचा मोठेपणा असा, की त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, "सर, वजन भी यही बोलता है. मैं गलत था." आणि आपांपुढे हात केला. आपांनी दोन्ही हातांनी तो धरला.

गजानन चहा आणायला म्हणून गेला तो लवकर आलाच नाही. मी बघायला गेलो. तो खाद्याच्या पोत्यांमागे घरी व्हिडिओ कॉल लावून बसला होता, आणि फोन थोरल्या शेडच्या दिशेने धरून बायकोला गोऱ्हे दाखवत होता. "ह्यो बघ, ह्येनं मालकाला पाडला असता." पलीकडे त्याची मुलगी हसत होती.

त्या रमजानला आमचा माल बाजारात गेला तेव्हा हॉटेलवाले परत परत मागायला लागले. आजूबाजूचे फार्मवाले बघायला येऊ लागले. आपा त्यांना आधी बादलीवर बसवत आणि मग सगळं सांगत, काही राखून ठेवत नसत. जोसेफसाहेब पाहुण्यांना "अवर एज पॉलिसी" असं म्हणून तेच समजावून सांगत. मी आपांना चिडवलं, "तुमचं श्रेय गेलं." त्या म्हणाल्या, "जाऊ दे. वासराला कोण विचारतंय की कुणी सांगितलं? वेळेवर आणलं की झालं."

आणखी एका गोष्टीचा त्यांना जास्त आनंद झाला होता. डेअरीतल्या कामगारांनी गोऱ्ह्यांनाही चीक पाजायची सवय ठेवली. कुणी सांगायला नसताना. एका भेटीत त्यांनी स्वतः बघितलं, की नुकत्याच जन्मलेल्या गोऱ्ह्याला एक बंगाली पोरगा मांडी घालून बाटलीने पाजतो आहे. त्या दाराआडून परत फिरल्या, त्याला कळूही दिलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र दैद येईपर्यंत गुणगुणत होत्या.

पुढच्या वर्षी एका मोठ्या डेअरीने त्यांना बोलावून घेतलं. अल ऐनच्या बाजूला, सगळ्या वासरांचा विभागच त्यांच्या हाती. जायच्या दिवशी गजाननने त्यांना नारळ दिला. तो त्याने कुठून मिळवला देव जाणे. आपांनी तो पदरात घेतला आणि त्याला म्हणाल्या, "थोरल्या शेडचा मालक तू. फॅन बंद करून ऐकत जा." त्या वर्षीपासून फार्मचा सुपरवायझर गजाननच आहे.

मीही नोकरी बदलली. आता दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात काचेआड बसतो. आपांचा ईदला फोन येतो, हनीफभाई मागून ओरडून सलाम सांगतात. निवृत्तीनंतर तेही अल ऐनला राहायला गेलेत आणि म्हणे कालवणात मीठ आता बरोबर पडतं.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते गेल्या हिवाळ्यात. कामासाठी अल ऐनला चाललो होतो. मधल्या लेनमध्ये माझ्यापुढे एक पांढरी पिकअप होती, ठरलेल्या वेगाने, एका रेषेत. तिच्या मागे एक भलीमोठी काळी गाडी सारखी दिवे मारत होती, बाजूला व्हा म्हणून. पिकअप हलली नाही. मी डावीकडून पुढे गेलो आणि सहज बघितलं. स्टिअरिंगवर आपा होत्या. पदर मानेशी घट्ट बांधलेला, काच खाली, कोपर खिडकीवर. गाडीचं लायसन्स काढल्याचं त्या फोनवर बोलल्याच नव्हत्या. मी हॉर्न वाजवला, हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक मागच्या गाडीवाल्याला मराठीत काहीतरी समजावत होत्या.

पुढे त्यांच्या फार्मचा फाटा आला. मला आरशात दिसलं, त्यांनी बऱ्याच आधी सिग्नल दिला, शांतपणे एकेक लेन ओलांडली आणि वळून वाळूतल्या त्या सरळ रस्त्याला लागल्या.